उंच शोभेची गवतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गवत उपटायचं सोडून ते लावायचं कशाला, असं निम्मे लोक विचारतात. उरलेल्या निम्म्यांना कुठेतरी पाहिलेले पांढरे तुरे हवे असतात आणि तेही पुढच्या महिन्यात. दोघांचेही प्रश्न खाली एकत्र केले आहेत. हिरवळ म्हणून कापलं जाणारं गवत यात घेतलेलं नाही. एकाच मुद्द्यावर दोनदा बोलणं टाळलंय, त्यामुळे उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक आला तर तिकडे जरूर जा.

१. उंच शोभेचं गवत म्हणजे नक्की काय? बांबू आणि पपायरसही त्यातच येतात का?

ऊस, मका, ज्वारी, बांबू ही सगळी गवताच्याच कुळातली मंडळी. त्यातल्या ज्या बहुवर्षायू जाती साधारण चार फुटांच्या आसपास किंवा त्याहून उंच जातात आणि पानांसाठी, तुऱ्यांसाठी लावल्या जातात, त्यांना इथे उंच शोभेचं गवत म्हटलं आहे. बांबू कुळाने गवतच, पण त्याचं खोड लाकडासारखं टणक होतं आणि छाटणीची रीतच वेगळी, म्हणून तो बाजूला ठेवला.

पपायरस मात्र गवत नव्हे, तो लव्हाळ्याचा भाऊबंद. दांडा दोन बोटांत धरून फिरवून बघा. लव्हाळ्याच्या कुळातला दांडा बहुधा तिधारी लागतो, आतून भरीव असतो. गवताचा दांडा गोल, पेरापेरांचा आणि बहुतेकदा पोकळ. हा फरक लागवडीत महत्त्वाचा आहे, कारण पपायरसला पाय पाण्यात बुडवून उभं राहायला आवडतं आणि त्याच जागी पेनिसेटम नावाचं गवत लावलं तर ते कुजतं.

२. एकदा लावलं की ते साऱ्या बागेत पसरत सुटेल का?

जातीवर अवलंबून आहे, आणि विकत घेण्याआधी विचारायचा खरा प्रश्न हाच. लोक तुरा बघून गवत निवडतात. तुरा नंतर बघा, आधी मूळ बघा.

काही गवतं बेट करतात. मिस्कॅन्थस सायनेन्सिस, पंपास, वाळा, पेनिसेटमच्या बहुतेक बागेतल्या जाती यांचे फुटवे एकमेकांना चिकटून येतात आणि बेट दरवर्षी थोडं थोडं रुंदावतं. दुसरी धावती गवतं. अरुंडो डोनॅक्स, फ्रॅग्मायटीस, फॅलॅरिस यांची जमिनीखालची आडवी खोडं पळत सुटतात आणि हातभर लांब जाऊन वर डोकं काढतात. रोप घेताना ते पिशवीतून किंवा कुंडीतून अलगद बाहेर काढून बघा. मातीच्या गोळ्याच्या कडेने पांढरे, जाड, टोकदार कोंब आडवे फिरत असतील, तर ते धावतं गवत समजा. नुसत्या नावावर विसंबू नका. मिस्कॅन्थस सॅक्कॅरिफ्लोरस दिसायला आपल्या भावासारखंच, पण ते धावतं.

धावतं गवतच हवं असेल, तर ते तळ असलेल्या मोठ्या कुंडीत ठेवा किंवा भोवती जाड प्लॅस्टिकचा पत्रा दोन फूट खोल गाडा. पत्र्याची कड जमिनीच्या दोन बोटं वर राहू द्या, नाहीतर कोंब वरून उडी मारतात.

पसरण्याची दुसरी वाट बियांची. बेट करणारं गवत मुळांनी शहाणं असलं तरी बियांनी उच्छाद मांडू शकतं. त्यासाठी प्रश्न ३ वाचा.

३. मला पंपासच हवं आहे. लावू का?

आधी तुमच्या भागात ते लावायला परवानगी आहे का, हे तपासा. पंपास, म्हणजे कोर्टाडेरिया सेलोआना, मूळचं दक्षिण अमेरिकेचं. बागेसाठी म्हणून ते जगभर नेलं गेलं आणि कॅलिफोर्निया, न्यूझीलंड, स्पेन अशा ठिकाणी बागेतून निसटून मोकळ्या जागा व्यापून बसलं. न्यूझीलंडमध्ये त्याची विक्री आणि वाढवणूक दोन्हीला मनाई आहे. एका तुऱ्यात हजारो बिया धरू शकतात आणि वाऱ्याबरोबर त्या फार लांब जातात. पेनिसेटम सेटेशियम या कारंज्यासारख्या दिसणाऱ्या गवताचीही हीच कथा. २०१७ पासून ते युरोपीय संघाच्या आक्रमक परक्या जातींच्या यादीत आहे.

परवानगी असेल, तरी दोन गोष्टी लक्षात घ्या. पंपासच्या पानांच्या कडा करवतीसारख्या असतात, त्याच्या वंशाचं नावच 'कापणे' या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून आलंय. वाटेच्या कडेला किंवा मुलं खेळतात तिथे ते नकोच. शिवाय त्याला ऐसपैस जागा लागते, पूर्ण वाढलेलं बेट दोन मीटर रुंद सहज होतं.

माझं मत विचाराल तर बहुतेक घरगुती बागांना पंपासची गरज नसते. तुऱ्यांचा तोच डौल मिस्कॅन्थसमध्ये मिळतो. फक्त मिस्कॅन्थस सायनेन्सिसच्या काही जातीही उबदार, ओलसर भागांत बियांनी पसरतात. तो धोकाच नको असेल, तर मिस्कॅन्थस जायगँटियस बघा. हा संकर वांझ आहे, बी धरत नाही, आणि दहा फुटांच्या वर जातो.

४. किती ऊन लागतं? माझ्या बागेत दुपारनंतर सावली असते.

दिवसाला सहा तास थेट ऊन मिळालं तर बहुतेक जाती खूश असतात. दुपारपर्यंतच्या उन्हात तेवढे तास भरत असतील तर हरकत नाही. त्याहून कमी उन्हात गवत मरत नाही, लांबोडकं होतं, तुरे कमी देतं आणि कलंडतं. अर्ध्या सावलीतच लावायचं असेल तर चॅस्मॅन्थियम लॅटिफोलियम निवडा. ते तीन-साडेतीन फुटांपर्यंतच जातं, पण त्याची चपटी, लोंबती कणसं वाऱ्यावर फार गोड हलतात.

५. उष्ण हवेत कोणतं लावावं आणि थंड हवेत कोणतं?

गवतांचे वाढीच्या हंगामाप्रमाणे दोन गट पडतात. उन्हाळी गटातली गवतं जमीन तापल्यावर जागी होतात, भर उन्हात जोमाने वाढतात आणि हंगामाच्या उत्तरार्धात तुरे काढतात. ऊस आणि मका ज्या पद्धतीने कडक उन्हाचा फायदा उठवतात, तीच यांची. मिस्कॅन्थस, पॅनिकम व्हर्गॅटम, पेनिसेटम, वाळा ही यातली. हिवाळी गटातली गवतं गारव्यात वाढतात, लवकर तुऱ्यावर येतात आणि कडक उन्हाळ्यात सुस्तावतात. कॅलमॅग्रॉस्टिस आणि स्टिपा जायगँटिया ही त्यांची उदाहरणं.

'कार्ल फॉर्स्टर' हे सरळसोट उभं राहणारं कॅलमॅग्रॉस्टिस थंड देशांतल्या बागांत सर्रास दिसतं. अमेरिकेतल्या बहुवर्षायू वनस्पतींच्या संघटनेने २००१ मध्ये त्याला वर्षातली सर्वोत्तम वनस्पती ठरवलं होतं. फोटो पाहून अनेकांना ते हवंसं वाटतं. पण रात्रीसुद्धा हवा गरम आणि दमट राहते अशा ठिकाणी ते खंगतं. तिथे त्याच बांध्याचं पॅनिकम 'नॉर्थविंड' जास्त भरवशाचं.

आपलं गवत कोणत्या गटातलं, हे लिहून ठेवा. कापणी (प्रश्न १०) आणि बेट फोडणं (प्रश्न १२) यांची वेळ त्यावरच ठरते.

६. माती कशी हवी? खत कोणतं घालू?

पाण्याचा निचरा होणारी कोणतीही माती चालते. खत घालू नका.

हे उत्तर वाचून अनेकजण पुन्हा विचारतात, 'थोडं शेणखत तरी?' माती अगदीच निकस, रेताड असेल तर लावताना एक घमेलं कुजलेलं शेणखत मिसळा आणि तिथेच थांबा. नत्र जास्त झालं की पानं भराभर लांबतात, दांडे मऊ राहतात आणि पहिल्या जोरदार सरीत सगळं बेट लोळण घेतं. गुलाबाच्या वाफ्यात लावलेलं गवत म्हणूनच बहुधा आडवं दिसतं, त्याला गुलाबाचं खत पोचलेलं असतं.

७. लावायचं कसं? दोन रोपांत अंतर किती ठेवू?

ठोंब कुंडीत जेवढा खोल होता तेवढाच जमिनीत ठेवा. ज्या ठिकाणाहून फुटवे निघतात तो भाग मातीखाली गेला तर कुजतो, फार वर राहिला तर सुकतो. मुळ्या कुंडीच्या आकारात गोल फिरल्या असतील तर बोटांनी मोकळ्या करा, गोळा फारच घट्ट असेल तर सुरीने दोन-तीन उभे छेद द्या.

अंतराचा अंदाज पूर्ण उंचीवरून घ्या. सहा फुटी गवत एकेकटं उठून दिसायला हवं असेल तर दोन ठोंबांत सहा फूट, सलग पडदा हवा असेल तर तीन फूट. लावल्यावर जागा फार रिकामी दिसते आणि हात शिवशिवतात. मधे हंगामी फुलझाडं लावा, पण आणखी गवत नको.

८. पाणी किती आणि किती दिवस?

पहिल्या हंगामात मुळ्या जमेपर्यंत नियमित द्या. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा आळं भरून दिलेलं बरं, म्हणजे मुळ्या खाली उतरतात. वाळ्याच्या मुळ्या तर तीन मीटरपर्यंतही जातात, म्हणूनच उताराची माती धरून ठेवायला तो लावतात. दुसऱ्या वर्षापासून लांबलेल्या कोरड्या काळातच पाण्याची आठवण ठेवा. कुंडीतल्या गवताचं गणित वेगळं आहे, ते प्रश्न १५ मध्ये.

९. गवत मधोमध फाकून आडवं पडतं. काय चुकतंय?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. कारण बहुधा पुढच्यांपैकी असतं: सावली (प्रश्न ४), खत (प्रश्न ६), गरजेपेक्षा जास्त पाणी, किंवा बेट म्हातारं होऊन आतून पोकळ होणं (प्रश्न १२). आधी ही कारणं तपासा, दोरी नंतर आणा.

कधीकधी दोष कोणाचाच नसतो, जातच तशी असते. पट्टेरी 'झेब्रिनस' मिस्कॅन्थस हंगाम सरताना कमानीसारखं वाकतं. त्याच पट्ट्यांचं 'स्ट्रिक्टस' मात्र ताठ उभं राहतं. जागा चिंचोळी असेल तर दुसरं घ्या.

आधार द्यायचाच असेल तर गवत गुडघ्याएवढं असतानाच भोवती काठ्या रोवून दोन पदरी सुतळी फिरवा. वाढती पानं ती झाकून टाकतात. आडवं पडल्यावर कमरेत आवळून बांधलेलं गवत उलट्या खराट्यासारखं दिसतं. मीही ते करून पाहिलंय, आणि आठवडाभर त्या बाजूला बघायचं टाळलंय.

१०. कापायचं कधी आणि कुठून?

वर्षातून एकदा, नवी वाढ सुरू होण्याच्या जरा आधी. थंड प्रदेशात वाळलेलं गवत हिवाळाभर तसंच ठेवा. ते गड्ड्याला गारठ्यापासून आडोसा देतं, आणि वाळलेल्या तुऱ्यांवर दव साचतं तेव्हाच खरं तर ते सर्वांत देखणं दिसतं. जिथे गवत कधी पूर्ण वाळतच नाही अशा उबदार भागात कोरडा काळ संपत आला की कापा. हिवाळी गट लवकर जागा होतो, त्याचा नंबर आधी.

कापण्याआधी सुतळीने मोळीसारखं दोन ठिकाणी आवळून बांधा आणि मग जमिनीपासून १० ते १५ सेंटीमीटरवर विळ्याने किंवा मोठ्या कात्रीने कापा. सगळी मोळी उचलून नेता येते, अंगणभर काड्या वेचत बसावं लागत नाही. पंपास फुटभर उंच ठेवा. पूर्ण बाह्यांचा सदरा, जाड हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

उशीर झाला आणि नवे कोंब वर आलेले असताना कापलं, तर त्यांचीही टोकं छाटली जातात आणि ती बोथट पाती हंगामभर तशीच दिसतात. भर वाढीत 'फार उंच झालं' म्हणून अर्ध्यात कापणं तर नकोच. तुरा तेव्हा दांड्याच्या आत तयार होत असतो, तो तुमच्या कात्रीत जातो.

जुनं गवत जाळून मोकळं करायचा सल्ला काहीजण देतात. वाळलेलं बेट भडक्याने पेटतं, आग आवरत नाही, आणि गड्डाही भाजून निघतो.

११. सगळीच गवतं अशी बुडापासून कापायची का?

नाही. स्टिपा जायगँटियासारखी सदाहरित गवतं बुडापासून कापली तर त्यातली काही परत उठतच नाहीत. हातमोजे घालून बोटांनी विंचरा, वाळकी पानं आपोआप हातात येतात. वाळलेले तुरे तेवढे दांड्यासकट कापा.

१२. बेट आतून वाळलंय, फक्त कडेने हिरवं आहे. रोग आहे का?

रोग नाही, वय. नवे फुटवे नेहमी बाहेरच्या अंगाला येतात, म्हणून काही वर्षांनी मधला भाग मेलेला आणि भोवती हिरवं कडं असं चित्र दिसतं. बेट फोडायची वेळ झाली.

उन्हाळी गटातली गवतं नवे कोंब दिसू लागताच फोडा, हिवाळी गटातली त्याच सुमारास थोडी आधी किंवा उन्हाळा ओसरल्यावर. तुऱ्यावर असताना कोणतंच फोडू नका. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या, पानं एक तृतीयांश ठेवून कापा, भोवती खणून गड्डा वर काढा. जुन्या मिस्कॅन्थसचा गड्डा खुरपीला दाद देत नाही, तिथे पहार, कुऱ्हाड किंवा जुनी करवतच लागते. आणि एक मदतनीस. कडेचे पाच-सहा फुटवे आणि भरपूर मुळ्या असलेले तुकडे घ्या, मधलं मेलेलं टाकून द्या. मुळ्या सुकण्याआधी तुकडे लगेच लावा. फार बारीक तुकडे केले तर रोपं जास्त मिळतात, पण जगतात कमी.

१३. बी पेरून वाढवलं तर स्वस्तात काम होईल ना?

मूळ जातींचं बी चालतं. नावाच्या निवडक वाणांचं नाही, कारण मिस्कॅन्थसच्या 'मॉर्निंग लाइट' या वाणाच्या बियांपासून 'मॉर्निंग लाइट' मिळत नाही. अशी गवतं बेट फोडूनच वाढवतात. वांझ संकरांना तर बीच नसतं, तेव्हा त्यांच्या 'बियांची पाकिटं' विकणाऱ्याकडून काही घेऊ नका.

१४. पट्टेरी गवत आणलं होतं, आता ते साधं हिरवं दिसतंय. फसवलं गेलो का?

पट्टे आडवे की उभे ते सांगा. 'झेब्रिनस'सारख्या आडव्या पट्ट्यांच्या गवतात हंगामाच्या सुरुवातीची पानं हिरवीच असतात. हवा तापली की पट्टे उमटतात. थांबा. सावलीत लावलं असेल तर पट्टे फिकेच राहतील.

उभ्या पांढऱ्या रेघांच्या गवतात एखादा फुटवा पूर्ण हिरवा निघाला तर तो मूळ रूपाकडे परतलाय. हिरवा फुटवा जास्त जोमाचा असतो आणि बाकीच्यांना दाबतो, म्हणून तो मुळापासून काढा. लाल पानांच्या इंपेराटा 'रेड बॅरन'मध्ये हे विशेष जपा. गवत ठेंगणं असलं तरी त्याचं हिरवं मूळ रूप जगातल्या चिवट तणांपैकी एक आहे.

१५. कुंडीत होईल का? गच्चीवर आडोसा करायचाय.

होईल. कुंडी निदान दीड फूट खोल, रुंद बुडाची आणि जड घ्या, कारण उंच गवत वारा धरतं आणि हलकी कुंडी उलटते. जांभळ्या पानांचं पेनिसेटम 'रुब्रम' कुंडीत सुंदर वाढतं आणि बी जवळजवळ धरत नाही. फक्त गोठवणारा गारठा त्याला सोसत नाही. (नव्या वर्गीकरणात पेनिसेटमला सेंक्रस म्हणतात. चिठ्ठीवर ते नाव दिसलं तर गोंधळू नका.) गरम दिवसांत कुंडीला रोज पाणी लागतं आणि इथे मात्र वाढीच्या काळात थोडं खत द्यावं लागतं. दर दोन-तीन वर्षांनी गड्डा काढून फोडा. पंपास कुंडीत लावू नका.

१६. कीड-रोग काय पडतात?

फार कमी. बुडाची जुनी पानं पिवळी पडणं हे स्वाभाविक आहे. पानांवर नारिंगी भुकटी दिसली तर तो तांबेरा. अशी पानं काढा, बेटात हवा खेळू द्या, पाणी बुडाशी द्या.

मिस्कॅन्थस खुरटलं आणि तुरे वेडेवाकडे, अर्धवट बाहेर येऊ लागले, तर खालच्या पानाची खोडाला वेढलेली म्यान सोलून बघा. आत पांढरी मेणचट भुकटी असेल तर पिठ्या ढेकूण आहे. तो आत दडून बसतो, वरची फवारणी त्याला पोचत नाही. बेट मुळासकट काढून टाकणंच शहाणपणाचं. त्याचे तुकडे कोणाला भेट देऊ नका.

१७. तीन वर्षं झाली, तुरे येतच नाहीत.

ऊन, खत आणि चुकीच्या वेळची कापणी ही नेहमीची कारणं (प्रश्न ४, ६ आणि १०). ती नसतील तर वाण तपासा. 'ग्रॅसिलिमस'सारखी मिस्कॅन्थसची वाणं फार उशिरा तुऱ्यावर येतात, आणि गारठा लवकर सुरू होणाऱ्या भागात तुरा निघण्याआधीच हंगाम संपतो. तिथे लवकर येणारं वाण बदलून लावण्याला पर्याय नाही.

१८. तुरे घरात सजावटीला ठेवायचेत. लगेच झडतात.

उशिरा तोडता. तुरा म्यानातून नुकताच बाहेर आलाय, अजून रेशमासारखा चकाकतोय आणि फुललेला नाही, अशा वेळी तोडा. अंधाऱ्या, हवेशीर जागी दोन-तीन आठवडे उलटे टांगा. वाळल्यावर केसांना मारायचा स्प्रे हलका मारला तर तुरे कमी झडतात. पाणी घालायचं नाही. पंपासचे तुरे बाहेर टाकताना बियांसकट उकिरड्यावर फेकू नका, पिशवीत बांधून टाका.

१९. परागकणांची ॲलर्जी आहे. घरात कुत्रा-मांजरही आहे. लावावं का?

गवताचं परागीभवन वाऱ्याने होतं, त्यामुळे ॲलर्जी असलेल्यांना त्रास होऊ शकतो. गवत खिडकीपासून लांब लावा, किंवा तुरे उमलण्याआधीच तोडा. ते सजावटीलाही कामी येतात (प्रश्न १८). त्रास तीव्र असेल तर उंच गवताचा नाद सोडलेला बरा.

मांजरं गवत चघळतात, ते चालतं, पण धारदार कडांच्या जाती त्यांच्या वाटेत नकोत. कुत्र्यांना कुसळांचा धोका जास्त. कुसळ कानात किंवा पंजाच्या बोटांत शिरलं की आत आतच सरकतं. फिरून आल्यावर तपासा, कान झटकत राहिला किंवा पाय चाटत राहिला तर डॉक्टरकडे न्या.

२०. आधीच्या घरमालकाने लावलेलं प्रचंड बेट आहे. काढून कसं टाकू?

आधी तुरे कापून पिशवीत बांधा, नाहीतर काढता काढताच बी पेरलं जातं. मग बुडाशी कापा आणि गड्डा कोणत्या प्रकारचा आहे ते बघा. बेट करणारं गवत असेल तर गड्डा करवतीने चौथाईत कापून एकेक तुकडा पहारीने उचका. तुटलेल्या बारीक मुळ्या आत राहिल्या तरी त्यातून ते सहसा परत येत नाही. धावतं असेल, विशेषतः अरुंडो, तर आडव्या खोडाचा बोटभर तुकडाही नवं रोप देतो. तेव्हा माती चाळून सगळे तुकडे काढा, ते कंपोस्टात टाकू नका, आणि निदान दोन हंगाम येणारा प्रत्येक कोंब दिसताच उपटा. त्या जागी या काळात दुसरं काही कायमचं लावू नका. भोपळ्यासारखा हंगामी वेल चालेल, कारण कोंब दिसला की वेल बाजूला सारून हात घालता येतो.